रविवारचा रकाना

दादरच्या शिवाजी पार्कला वेढणारा कट्टा सुमारे 1.2 किलोमीटरचा आहे. सुलतानपूरहून आलेल्या मामांनी पहिल्याच सकाळी तो पावलांनी मोजला आणि भाचीला हिशेब सांगितला. पोलीस भरतीतले 1600 मीटर म्हणजे एक पुरी फेरी आणि वर तिचा तिसरा हिस्सा. “आमच्या लेकरांना एवढं अंतर गाड्यांच्या धाकाशिवाय मिळालं असतं ना…” एवढं बोलून ते थांबले आणि पुन्हा चालू लागले.

नोव्हेंबर सरत आला होता. मैदानाच्या एका अंगाला ट्रकमधून बांबू उतरत होते, ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. 6 डिसेंबरची, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाची तयारी. दुसऱ्या अंगाला नेट लागल्या होत्या. मधल्या लाल पट्ट्यावर दोन वेगळ्या सामन्यांचे खेळाडू एकमेकांत मिसळून उभे होते. एका सामन्याचा सीमारेषेवरचा गडी दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. कोण कुणाच्या संघातला, हे बघणाऱ्याला कळत नाही. खेळणाऱ्याला बरोबर कळतं.

मामा निवृत्त क्रीडाशिक्षक. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, मेहकरहून लोणारकडे येताना त्यांचं गाव लागतं. तीसेक वर्षं त्यांनी मुलांना खो-खो आणि कबड्डी शिकवली. भाचीचं बालपण त्याच गावातलं. आता ती मुंबईत वास्तुरचनाकार आहे आणि शहरातल्या मोकळ्या जागा हा तिच्या कामाचा विषय. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम आहे, म्हणूनच त्यांचा वाद दर भेटीत मागच्या भेटीच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू होतो.

“हे मैदान नाही, बाई,” मामा म्हणाले. “ही मोकळी जागा आहे. दोन्हींत फरक असतो.”

“कोणता?”

“मैदानावर उद्या काय असणार, ते खेळणाऱ्याला आज माहीत असतं.”

भाचीनं बांबूंच्या ढिगाकडे पाहिलं, पण काही बोलली नाही. मामांनी मात्र आकडे काढले. राज्य सरकारनं 2016 मध्ये या मैदानावर वर्षातले 45 दिवस बिगरखेळाच्या कार्यक्रमांसाठी ठेवले. कागदावर ते 45 असतात. पण मांडव एका दिवसात उभा राहत नाही आणि एका दिवसात उतरतही नाही. बांबू रोवायला खड्डे घेतात, ते बुजवले तरी माती बसायला वेळ लागतो. खो-खोत पाठलाग करणारा गडी खांबाजवळ वळताना सगळा भार एका घोट्यावर टाकतो, आणि समोरचा निसटतोय असं दिसलं की सूर मारतो. त्या जागी जमिनीत विसरलेला एक खिळा असला तर गुडघा फाटतो. “मी पोरींच्या गुडघ्यातून खडे काढलेत,” मामा म्हणाले. “चुना आखायच्या आधी सगळ्यांना एका रांगेत वाकून चालायला लावायचो. काचा, खिळे, दाभणं वेचायला. सरावातली पहिली पंधरा मिनिटं त्यातच जायची.”

मग त्यांनी जानेवारी 2025 ची गोष्ट काढली. दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. सामने मॅटवर झाले. “आपला मातीतला खेळ जगाला दाखवला, पण मातीवर नाही दाखवला. गावातली पोर जन्मभर मातीत पळते, पहिल्यांदा मॅटवर उतरते तेव्हा तिचा पाय ओळखीचा राहत नाही. मॅट पसरायला छप्पर लागतं, छपराला भिंत लागते, भिंतीला दार. मी दार मागतो म्हणून तुला मी कोता वाटतो.”

“कोते नाही वाटत, मामा. पण दाराला कुलूप लागतं, आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात जाते.”

तिचा मुद्दा साधा होता. राज्याचं धोरण तालुक्याला एक क्रीडा संकुल असावं असं आहे. त्यासाठीच्या निधीची मर्यादा 1 कोटीची होती, ती 5 कोटींवर गेली. पैसा आला की कुंपण, कमान, इमारत उभी राहते. पण सकाळी पाचला पाणी कोण मारणार, गवत कोण काढणार, रखवालदार रजेवर असला तर कुलूप कोण उघडणार, ही कामं निविदेत बसत नाहीत. आणि संकुलाला जागा मिळते ती बहुधा गावाबाहेर, कारण गावाच्या पोटात तेवढी जमीन शिल्लकच नसते. सायकल नसलेलं पोर तिथवर जात नाही. शिवाजी पार्कला फाटकावर अडवणारं कुणी नाही. परळच्या चाळीतला मुलगा आणि केळुसकर रोडवरच्या फ्लॅटमधला मुलगा एकाच मातीत पडतो. क्रिकेटमध्ये इथून अजित वाडेकर आले, संदीप पाटील आले. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर इथंच टोपी घालून उभे राहत आणि शारदाश्रम शाळेच्या मुलांना एका नेटमधून दुसऱ्या नेटमध्ये पिटाळत.

बोलत बोलत दोघं पाच नंबरच्या प्रवेशद्वारापाशी आले होते. आचरेकरांचं स्मारक तिथं आहे. डिसेंबर 2024 मध्ये सचिन तेंडुलकरच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं. मामा क्षणभर उभे राहिले, नमस्कार केला.

“गुरू मोठा,” ते म्हणाले. “पण हा गुरूचा मोठेपणा आहे, जागेचा नाही. आणि क्रिकेटचं तू सांगूच नको, क्रिकेट कुठंही उगवतं. मी तुला आपल्या जिल्ह्यातलं सांगतो.”

मे 2023. शांघायमध्ये तिरंदाजीचा विश्वचषक. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर कंपाउंड प्रकाराच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरसमोर उभा होता. श्लोसर तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज, प्रथमेश एकोणीस वर्षांचा. निकाल 149 विरुद्ध 148, प्रथमेशच्या बाजूनं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेबरोबर त्यानं सांघिक सुवर्ण जिंकलं. कंपाउंडचं अंतर 50 मीटर. त्या 50 मीटरांत आणि लक्ष्याच्या मागं बऱ्याच अंतरापर्यंत माणूस, गुरं, कुत्रं, काहीही येता कामा नये. “तुझ्या सगळ्यांना मोकळ्या जागेत एक आजोबा फिरायला आले की बाण भात्यात. असा खेळाडू घडवायचा तर कुणाला तरी ‘इथं येऊ नका’ म्हणावंच लागतं.”

हे भाचीला खोडता आलं नाही, आणि तिनं खोडायचा प्रयत्नही केला नाही. काही खेळ माणसं दूर ठेवूनच खेळावे लागतात. तिरंदाजी, गोळाफेक, भालाफेक, सगळी फेकीची अंगं. बहुउद्देशीय मैदान हा शब्द सरकारी कागदावर सोपा दिसतो, जमिनीवर त्याचे उद्देश एकमेकांच्या अंगावर येतात.

तिनं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं मेली. त्यातून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि पुढं दादर, माटुंगा, माहीम हा सगळा भाग आखून वसवला गेला. या आखणीत सुमारे 28 एकर मोकळे ठेवले गेले आणि 1925 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. सुरुवातीचं नाव माहीम पार्क.

“अठ्ठावीस एकर,” मामा पुटपुटले. त्यांच्या भागात अठ्ठावीस एकरांत चार-पाच घरं जगतात.

“आता सांगा, शंभर वर्षं ती कशी टिकली? दादरमध्ये, जिथं फुटावर भाव सांगतात तिथं?” तिनं स्वतःच उत्तर दिलं. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर याच मैदानात अंत्यसंस्कार झाले. स्मारक इथंच व्हावं, अशी मागणी झाली. स्मारक अखेर शेजारच्या महापौर बंगल्याच्या जागेत गेलं. फेब्रुवारी 2022 मध्ये लता मंगेशकर यांना इथंच निरोप दिला. पुन्हा स्मारकाची मागणी, पुन्हा वाद, आणि मंगेशकर कुटुंबानंच तो थांबवायला सांगितलं. दोन्ही माणसं महाराष्ट्राच्या काळजातली. तरीही मैदानाचा मध्य मोकळा राहिला. कारण त्यावर एकाचा हक्क नाही. खेळणाऱ्यांचा आहे, फिरणाऱ्यांचा आहे, सभेला येणाऱ्यांचा आहे, दुर्गापूजा करणाऱ्या बंगाल्यांचा आहे. “नुसतं खेळाडूंचं असतं तर केव्हाच कुणीतरी विकासाच्या नावाखाली त्यावर काहीतरी बांधलं असतं. खेळाडू दहा वर्षं खेळतो आणि निघून जातो. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी बाई चाळीस वर्षं बसते. राखण ती करते.”

“राखण कोर्टानं केली,” मामा म्हणाले.

तेही खरं होतं. मैदानाभोवती राहणारे लोक न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. सभांना तेव्हापासून वेगळी परवानगी लागते. 2022 च्या दसऱ्याला शिवसेनेच्या दोन गटांनी मैदान मागितलं, महापालिकेनं दोघांनाही नकार दिला आणि ठाकरे गटाला उच्च न्यायालयातून परवानगी आणावी लागली. मामांचं म्हणणं एवढंच की ज्या मैदानाचा एकेक दिवस वकील ठरवतात, तिथं खेळाचं वेळापत्रक कसलं आणि कुणी लावायचं? त्यांना फोर्टमधलं ओव्हल आवडतं. सुमारे 22 एकर. तेही एके काळी दुर्लक्षित होतं. आसपासचे रहिवासी नव्वदच्या दशकात उच्च न्यायालयात गेले, देखभाल त्यांनी अंगावर घेतली, कुंपण आलं, फाटकं आली, रात्री ती बंद होऊ लागली. “क्रिकेट तिथंही सगळ्यांचंच चालतं. पण रात्री मैदान झोपतं.”

“आणि मधून जाणारी पायवाट? ती त्यांनी लोकांसाठी ठेवलीच की.”

“ठेवली. मी कुठं नको म्हणतो.”

इथवर वाद ओळखीच्या वाटेनं चालला होता. मग मामांनी एक प्रश्न विचारला आणि बोलणं बदललं.

“तू सातवीत होतीस. गावात पोरं खेळायची ती जागा उघडीच होती. ना भिंत, ना दार, ना किल्ली. तू का नाही गेलीस तिथं?”

भाची चालता चालता थांबली. उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्या जागेवर मुलगे खेळत आणि कडेला मोठी माणसं बसत. मुलीनं तिथं पळायचं म्हणजे सगळ्या गावादेखत पळायचं. कुणी मनाई केली नव्हती. मनाई करायची गरजच पडली नव्हती. मामांनी मग शाळेच्या मागच्या आवारात, जिथं तिन्ही बाजूंनी भिंत होती, सकाळी सहाला मुलींचा खो-खो सुरू केला. फाटकाला आतून कडी. भाची तिथं पळायला शिकली. जिल्ह्यापर्यंत खेळली.

हे लिहिणाऱ्याला या वादातला सगळ्यात जड मुद्दा हाच वाटतो. उघडी जागा सगळ्यांना सारखी उघडी नसते. ज्याला आधीच बाहेर वावरायची सवय आहे, तो ती भरून टाकतो, आणि उरलेल्यांना कुंपण नसतानाही कुंपण असतं. याच मैदानाला 1927 मध्ये शिवाजी महाराजांचं नाव मिळालं ते अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळं. महापालिकेतल्या त्या नगरसेविका. गांधीजींचं मराठी चरित्र त्यांनी 1918 मध्ये लिहिलं, त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. नाव एका बाईनं दिलं, आणि त्या सकाळी मधल्या लाल मातीत मोजून चार मुली होत्या.

“तुमचं खरं आहे,” भाची म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “तुम्ही इथं पहिल्यांदा केव्हा आलात, मामा?”

मामा हसले नाहीत. बांबूंच्या ढिगाकडे पाहत राहिले.

ते बारावीत होते. गावातली पंधरा-वीस माणसं 6 डिसेंबरला निघाली होती. जालन्याहून मीटर गेजच्या गाडीनं मनमाड, तिथं गाडी बदलून दादर. 5 तारखेची रात्र त्यांनी याच मैदानात काढली. खाली सतरंजी, उशाला भाकरीचं गाठोडं, आणि चहूकडे त्यांच्यासारखीच माणसं. नांदेडची, अकोल्याची, नागपूरची. पहाटे उठून सगळे रांगेनं चैत्यभूमीला गेले. परत येताना मामांनी याच मैदानावरच्या पुस्तकांच्या दुकानातून, पथारीच होती ती, खिशातल्या सगळ्या पैशांची पुस्तकं घेतली आणि घरी जाईपर्यंत एक चहासुद्धा प्यायले नाहीत. गावाबाहेर न गेलेल्या मुलाला इथं पहिल्यांदा कळलं की आपण किती जण आहोत.

“त्या रात्री इथं कुंपण असतं तर?” भाचीनं हळूच विचारलं.

“6 डिसेंबर वेगळा,” मामा म्हणाले.

“मला मान्य आहे. पण प्रत्येकाचा एक दिवस वेगळा असतो, मामा. कुणाचा दसरा. 30 ऑक्टोबर 1966 ला शिवसेनेचा पहिला मेळावा इथं झाला, त्या माणसांना तो दिवस तसाच वाटत असेल. कुणाची दुर्गापूजा, कुणाचा 1 मे. तुमचे 45 दिवस असेच भरतात.”

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही. ते सरळ बांबू उतरवणाऱ्या माणसांकडे गेले, जय भीम केला, आणि मुकादमाला विचारलं की खड्डा केवढा घेता. त्यानं हात कोपरापर्यंत दाखवला. बुजवता कशानं? हीच माती परत लोटतो. पाणी मारून धुम्मस करता का? मुकादम म्हणाला, वेळ मिळाला तर. बुजवायचे पैसे वेगळे धरलेत का, असं विचारल्यावर तो मामांकडे जरा निरखून पाहू लागला. एवढी वर्षं काम करतोय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं.

मामा परतले ते बदललेल्या चालीनं. क्रीडाशिक्षकाला अडचण सापडली की तो असा चालतो. “बघ. भांडण सभेशी नाहीच. भांडण सभेच्या दुसऱ्या दिवसाशी आहे. ज्यानं मैदान घेतलं त्यानं ते जसं होतं तसं परत द्यायचं, खड्डे धुम्मस करून, खिळे वेचून. आणि तेवढी अनामत आधी ठेवायची.” अनामत घेतात, भाची म्हणाली. “घेत असतील. पण मैदान परत घेताना त्यावरून अनवाणी कोण चालतं? खो-खोच्या पोरी चालवा. त्या ‘ठीक आहे’ म्हणाल्या तरच अनामत परत.”

धुळीचाही प्रश्न निघाला. इथली लाल माती वाऱ्यावर उडते आणि भोवतालच्या घरांत जाते. रहिवाशांच्या तक्रारी प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत गेल्या आहेत. मामांना यात नवल वाटलं नाही. माती रोज पाणी मागते, ते कुठल्या तरी माणसाचं रोजचं काम असायला हवं.

मैदानाच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिर आहे, 1925 पासूनचं, म्हणजे मैदानाच्याच वयाचं. दोघं तिथं बराच वेळ रेंगाळले. मुली दोरीच्या मल्लखांबावर चढत होत्या. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून, उलट्या, शांत. इथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा इथंच भरली आणि 15 देशांचे खेळाडू आले. मामांना अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवलं. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेलं, ज्याच्या पथकानं 1936 मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. अशा जागांना दार असतं, वेळ असते, हजेरी असते. पण हे दार उघडतं ते मोकळ्या मैदानाकडे. कट्ट्यावरची चार वर्षांची पोर आत डोकावते, आजीचा हात ओढते, आणि पुढच्या आठवड्यात नाव घालायला येते. भाची हे बोलून दाखवणार होती, तेवढ्यात मामाच म्हणाले, “ही भिंत मैदानात आहे, मैदानाला नाही.”

कट्ट्यावर बसून त्यांनी खिशातली वही काढली. सुलतानपूरची मुलं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात. शारीरिक चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटरचे 20, शंभर मीटरचे 15, गोळ्याचे 15. या 50 गुणांसाठी लेकरं अंधारात ट्रकच्या दिव्यांसमोरून धावतात. मामांना रात्री झोप लागू न देणारी गोष्ट हीच. 400 मीटरच्या धावपट्टीला सुमारे 177 बाय 93 मीटर जागा लागते. चार एकर. गावाजवळ चार एकर मिळणं अवघड, पण अशक्य नाही, असं त्यांचं मत. सिंथेटिक नको, मुरूम आणि काळी माती पुरे.

त्यांनी चौकट आखली. भाचीनं पेन घेतला आणि कुंपण तुटक रेषेनं काढलं. मामांनी गोळाफेकीच्या बाजूची रेषा गिरवून पक्की केली, बाकीची तशीच राहू दिली. मग खाली आठवड्याचा तक्ता. पहाटे साडेचार ते सहा भरतीची मुलं. सहा ते साडेसात फक्त मुली. संध्याकाळी पाच ते सात पुन्हा मुली, असं भाचीनं लिहिलं, तर मामांनी विचारलं की मुलगे कुठं जातील, आणि तिथं दहा मिनिटं गेली. शेवटी आठवड्यातले तीन दिवस ठरले. दिव्यांचं काय, यावर एकमत झालं नाही. रात्री नऊनंतर मामांना मैदान बंद हवं होतं, भाचीला नको होतं. उन्हाळ्यात घरात उकडतं, बायकांना रात्रीच बाहेर बसायला मिळतं, असं तिचं म्हणणं.

रविवारच्या रकान्यापाशी मामांचा हात थांबला. रविवारी खेळाचे सामने असतात. गावातल्या जयंत्या, सभा, लग्नंही बहुधा रविवारीच येतात. त्यांनी पेन भाचीकडे दिला. तिनं तो बराच वेळ धरून ठेवला आणि परत त्यांना दिला. समोर एक बांबू उभा राहत होता, चौघं त्याला धरून होते आणि पाचवा पहारीनं माती लोटत होता. मामा उठले, त्याच्याकडे गेले आणि टाचेनं माती दाबून दाखवू लागले.